जबलपूरचा दिवस आणि मुंबईचं कॅलेंडर

जबलपूरहून मी आज तुमच्याशी बोलणार आहे ते दिवसाच्या लांबीबद्दल. शाळेत हा विषय दोन गुणांना असायचा: ‘उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान, कारण पृथ्वीचा आस कललेला आहे.’ वाक्य पाठ केलं, गुण मिळाले, विषय संपला. पण या वाक्यात एक गोष्ट राहून जाते. दिवस किती मोठा आणि किती लहान होणार, हे तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. तंजावरच्या मराठी माणसाचा जूनमधला दिवस वेगळा, पुण्याचा वेगळा, ग्वाल्हेरचा वेगळा आणि लंडनला नोकरीसाठी गेलेल्या पुतण्याचा तर फारच वेगळा.

हे समजून घ्यायची गरज काय? सांगतो. इकडच्या बऱ्याच मराठी घरांत महाराष्ट्रातून आलेलं कॅलेंडर भिंतीवर असतं. कुणी नागपूरहून येताना आणतं, कुणाला पुण्याची बहीण पाठवते. त्यात सूर्योदय आणि सूर्यास्त छापलेले असतात. आता त्या वेळा मुंबईच्या असतील आणि आपण जबलपुरात बसून त्या पाळत असू, तर काय होईल? डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर होतो. ते बघून सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असलेलं जबलपूरचं एखादं जैन कुटुंब संध्याकाळी सहाला पानावर बसलं, तर इथे सूर्य मावळून अर्धा तास झालेला असतो! नेम मोडतो, आणि मोडल्याचं कळतही नाही.

तिथीचंही तसंच. साधारणपणे सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची धरतात. समजा, जूनमध्ये एखादे दिवशी पहाटे ५.४५ला नवमी संपून दशमी लागली. जबलपुरात त्याआधीच सूर्य उगवलेला असतो, म्हणजे इथे तो दिवस नवमीचा. मुंबईत सूर्य सहानंतर उगवतो, म्हणजे तिथे तोच दिवस दशमीचा. दोन्ही पंचांगं बरोबर, फक्त गावं वेगळी.

दोन शहरं, चार वेळा

आधी आकडे समोर ठेवू. एखाद्या मिनिटाचा फरक वर्षागणिक पडतो, तो सोडून द्या.

२१ जूनला मुंबईत सूर्य ६.०२ला उगवतो आणि संध्याकाळी ७.१९ला मावळतो. जबलपुरात तो ५.२५ला उगवतो आणि ६.५९ला मावळतो. म्हणजे सकाळी आम्ही ३७ मिनिटं पुढे, पण संध्याकाळी फक्त २० मिनिटं पुढे.

आता २१ डिसेंबर बघा. मुंबईत सूर्योदय ७.०७, सूर्यास्त ६.०६. जबलपुरात सूर्योदय ६.४७, सूर्यास्त ५.२९. आता सकाळी फरक २० मिनिटांचा आणि संध्याकाळी ३७चा. तेच दोन आकडे, जागा मात्र बदललेल्या.

‘जबलपूर पूर्वेला आहे, म्हणून सूर्य लवकर उगवतो’ एवढंच कारण असतं, तर फरक वर्षभर सारखा राहिला असता. सकाळी जेवढा, तेवढाच संध्याकाळी. पण तसं होत नाही. याचा अर्थ त्या ३७ आणि २० मिनिटांत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. त्या आपण वेगळ्या करू.

पहिली गोष्ट रेखांश. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई ७२.८५ अंश पूर्व रेखांशावर, जबलपूर ७९.९५ अंशांवर. फरक ७.१ अंशांचा, गुणिले ४, म्हणजे साधारण २८ मिनिटं. एवढा वेळ जबलपूर वर्षभर मुंबईच्या पुढे असतं. सकाळीही २८, दुपारीही २८, संध्याकाळीही २८.

आता ३७ मधून २८ गेले, राहिले ९. आणि २८ मधून २० गेले, राहिले ८. ही उरलेली साडेआठेक मिनिटं अक्षांशाची. जूनमध्ये जबलपूरचा दिवस मुंबईपेक्षा १७ मिनिटांनी मोठा असतो. त्यातली निम्मी सकाळी पुढे येतात, निम्मी संध्याकाळी मागे रेंगाळतात. डिसेंबरात तोच दिवस १७ मिनिटांनी लहान होतो, म्हणून सगळं उलटं.

एक वाक्य मनात पक्कं करा: रेखांश दिवस सरकवतो, अक्षांश दिवस ताणतो किंवा आखडतो. आजच्या भागातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

नागपूर आणि तंजावर

फक्त अक्षांशाचा परिणाम बघायचा असेल, तर एकाच रेखांशावरची दोन गावं हवीत. आपल्या इतिहासानेच अशी जोडी करून ठेवली आहे. नागपूर आणि तंजावर. दोन्हीकडे भोसल्यांच्या गाद्या, घराणी वेगळी. आणि दोन्ही गावं ७९.१ अंश रेखांशावर, जवळजवळ एका सरळ रेषेत. दोन्हीकडे सूर्य एकाच क्षणी मध्यावर येतो. फरक उरतो तो फक्त अक्षांशाचा: तंजावर १०.८ अंश उत्तर, नागपूर २१.१५.

२१ जूनला नागपुरात सूर्य ५.३३ला उगवतो, तंजावरला ५.५३ला. नागपुरात ६.५८ला मावळतो, तंजावरला ६.३८ला. सकाळी वीस, संध्याकाळी वीस, मिळून चाळीस मिनिटं नागपूरला जास्त. पूर्व-पश्चिमेचा यात काही संबंध नाही. उत्तरेला असल्याचा हा हिशेब आहे. आणि डिसेंबरात नागपूर ही चाळीस मिनिटं परत करतं.

मोसंबी, सुई आणि रबरबँड

हे का होतं, ते स्वयंपाकघरात बघता येतं. एक मोसंबी घ्या. देठापासून आरपार विणायची सुई घाला. हा आस. मधोमध एक रबरबँड लावा, हे विषुववृत्त. त्याच्या वर, साधारण पाव उंचीवर दुसरा रबरबँड, हे जबलपूर. त्याहून वर, सुईच्या टोकाकडे तिसरा, हे लंडन समजा. खोलीत अंधार करा आणि टेबलावरच्या दिव्यासमोर मोसंबी धरा.

मोसंबीचा अर्धा भाग उजळतो, अर्धा अंधारात राहतो. दोन्हींच्या मधे एक सीमारेषा दिसते. आपण पृथ्वीबरोबर फिरताना ही रेषा ओलांडून उजेडात येतो तेव्हा सूर्योदय, ओलांडून अंधारात जातो तेव्हा सूर्यास्त.

आधी सुई सरळ उभी धरा. सीमारेषा दोन्ही टोकांतून जाते आणि प्रत्येक रबरबँडचे दोन समान भाग करते. कुठल्याही गावी बारा तास उजेड, बारा तास अंधार. ही २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासची स्थिती.

आता सुईचं वरचं टोक दिव्याकडे साडेतेवीस अंश झुकवा. सीमारेषा हलली नाही, कारण दिवा तिथेच आहे. पण रबरबँड तिरपे झाले. मधल्या रबरबँडकडे नीट बघा: तो तिरपा झाला, तरी त्याचे निम्मे-निम्मेच भाग पडलेत. म्हणून विषुववृत्तावर वर्षभर दिवस सारखाच. जबलपूरच्या रबरबँडचा मात्र उजेडातला भाग अंधारातल्या भागापेक्षा मोठा झाला. लंडनच्या रबरबँडचा त्याहून कितीतरी मोठा. आणि सुईच्या टोकाजवळ एक छोटा रबरबँड लावला, तर तो संपूर्ण उजेडात! तिथला माणूस गोल फिरतो, पण अंधाराची रेषा त्याला भेटतच नाही.

दिवा तिथेच ठेवून सुईचं वरचं टोक दिव्यापासून दूर झुकवा, की डिसेंबर. जो रबरबँड जितका जास्त उजेडात होता, तो आता तितकाच जास्त अंधारात.

मोसंबीच्या खालच्या अर्ध्यावर हेच, पण उलटं. मॉरिशसला आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, ते बेट साधारण २० अंश दक्षिणेला आहे. त्यांचा सर्वांत मोठा दिवस डिसेंबरात, सव्वातेरा तासांहून थोडा जास्त, आणि सर्वांत लहान जूनमध्ये, अकरा तासांच्या आतला.

मराठी गावांची उतरंड

आता दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ. पहिला आकडा सर्वांत मोठ्या दिवसाचा, दुसरा सर्वांत लहान दिवसाचा.

तंजावर: १२ तास ४५ मिनिटं, ११ तास ३० मिनिटं.
पुणे: १३ तास १४ मिनिटं, ११ तास १ मिनिट.
नागपूर: १३ तास २५ मिनिटं, १० तास ५१ मिनिटं.
जबलपूर: १३ तास ३४ मिनिटं; १० तास ४२ मिनिटं.
ग्वाल्हेर: १३ तास ४७ मिनिटं, १० तास ३० मिनिटं.
लंडन: १६ तास ३८ मिनिटं, ७ तास ५० मिनिटं.

तंजावरला उन्हाळा-हिवाळ्यात सव्वा तासाचा फरक, जबलपूरला जवळजवळ तीन तासांचा, लंडनला पावणेनऊ तासांचा. आणि हा फरक सारख्या पायऱ्यांनी वाढत नाही. विषुववृत्तापासून जबलपूरपर्यंत २३ अंश चढून आलं, की जूनच्या दिवसात सुमारे दीड तासाची भर पडते. आणखी तेवढेच अंश चढलं, की आपण स्वित्झर्लंडच्या आसपास पोचतो आणि सव्वादोन तास वाढतात. त्यापुढच्या अवघ्या वीस अंशांत दिवस सोळा तासांवरून थेट चोवीस तासांवर जातो. घाटाचा रस्ता सुरुवातीला जेमतेम चढतो आणि शेवटी एकदम उभा होतो, तसं.

इथे जबलपूरकरांच्या मनातली एक शंका. आमच्या शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, कटनीच्या रस्त्याला सिहोऱ्याच्या अलीकडून कर्कवृत्त जातं. सूर्य डोक्यावर येण्याची ही शेवटची सीमा. ‘मग जिथे सूर्य डोक्यावर येतो, तिथे दिवस सर्वांत मोठा का नाही?’ कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्य दुपारी किती उंच चढतो हे एक, आणि आकाशात एकूण किती वेळ राहतो हे दुसरं. उन्हाचा चटका बराचसा पहिल्यावर, दिवसाची लांबी दुसऱ्यावर. जबलपुरात सूर्य १२ जून आणि ३० जूनच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, मुंबईत १५ मे आणि २७ जुलैच्या आसपास. पण सर्वांत मोठा दिवस दोन्हीकडे २१ जूनचाच. आणि लंडनला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, तरी त्यांचा दिवस आपल्यापेक्षा तीन तासांनी मोठा.

बारा अंगुळांची काडी

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हे सगळं मोबाइलशिवाय, नकाशाशिवाय, फक्त एका काडीवरून काढता येतं. आणि ते आपल्याकडे शेकडो वर्षं काढत आले आहेत.

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ नांदगाव म्हणून गाव आहे. तिथल्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांचं गणित सोपं व्हावं हा त्याचा हेतू, आणि महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावरून होत राहिली. त्यात दिवसाची लांबी काढायची रीत आहे. ती अशी.

विषुवदिनाला, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, बारा अंगुळं उंचीची काडी उभी करायची. भर मध्यान्हीची सावली मोजायची. तिला म्हणतात पलभा. गाव जितकं उत्तरेला, तितका सूर्य दक्षिणेला कललेला आणि तितकी सावली लांब. म्हणजे पलभा हा त्या गावाचा अक्षांशच झाला, फक्त अंशांऐवजी अंगुळांत मोजलेला.

अंगुळाऐवजी सेंटीमीटर घेतले तरी चालतं, कारण प्रश्न प्रमाणाचा आहे. बारा सेंटीमीटरची काडी जबलपुरात ५.१ सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त सावली देते. ५.१४ धरू.

या पलभेला तीन वेळा गुणायचं: एकदा १०ने, एकदा ८ने, आणि एकदा १०ने गुणून ३ने भागायचं. जबलपूरसाठी ५१.४, ४१.१ आणि १७.१. ही तीन चरखंडं. सूर्य विषुववृत्तापासून उत्तरेकडे सरकायला लागला, की पहिल्या महिन्यात दिवसाच्या प्रत्येक अर्ध्यात पहिल्या खंडाएवढी पळं वाढतात, दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या खंडाएवढी, तिसऱ्यात तिसऱ्याएवढी. तिन्हींची बेरीज १०९.६ पळं. दोन अर्धे, म्हणून दुप्पट: २१९ पळं. एक पळ म्हणजे २४ सेकंद. म्हणजे बारा तासांवर १ तास २८ मिनिटं. उत्तर आलं १३ तास २८ मिनिटं!

वरच्या यादीत जबलपूरचा आकडा १३ तास ३४ मिनिटांचा आहे. सहा मिनिटं कमी पडली ती काही चूक नव्हे. या रीतीत सूर्याचा मध्य क्षितिजावर आला की सूर्योदय धरलाय. आपण आज पहिली कड दिसली की सूर्योदय म्हणतो. शिवाय हवेतून येताना किरण वाकतात, त्यामुळे सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाच आपल्याला वर दिसतो. या दोन्ही कारणांनी आपल्या भागात दिवसाला सात-आठ मिनिटं जास्तीची मिळतात. ती मिळवा, म्हणजे १६व्या शतकातली काडी आणि आजचं गणित यांत एक-दोन मिनिटांचाच फरक राहतो.

पुण्याचं गणित तर तोंडी होतं. पुण्याची पलभा जवळजवळ बरोबर ४. म्हणजे ४०, ३२ आणि १३ पूर्णांक एक तृतीयांश. बेरीज ८५ आणि एक तृतीयांश पळं. दुप्पट करून मिनिटं केली, की ६८. दिवस १३ तास ८ मिनिटांचा, वर सातेक मिनिटं हवेची आणि कडेची. झाले सव्वातेरा.

तीन खंडांचं प्रमाण बघा: १०, ८ आणि ३ पूर्णांक एक तृतीयांश. दिवस मार्च-एप्रिलमध्ये भराभर वाढतो, नंतर थोडा हळू, आणि मे-जूनमध्ये जवळजवळ थांबतो. आपला रोजचा अनुभव या तीन आकड्यांत बसवला आहे.

तिळातिळाने

अनुभवाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो,’ असं घरोघरी म्हणतात. खरं तर दिवस वाढायला लागतो तो २२ डिसेंबरनंतरच. मग म्हण चुकीची का? हिशेब करू. २१ डिसेंबरला जबलपूरचा दिवस १० तास ४२ मिनिटांचा, १४ जानेवारीला १० तास ५० मिनिटांचा. चोवीस दिवसांत वाढ आठ मिनिटांची, म्हणजे दिवसाला वीस सेकंद. याला तीळ नाही तर काय म्हणायचं?

आणि गंमत अशी की डिसेंबर संपला तरी सकाळी सूर्य रोज थोडा उशिराच उगवत राहतो. वाढलेला सगळा वेळ संध्याकाळकडे जातो. घड्याळ सारख्या चालीने चालतं, पण सूर्याची मध्यान्ह वर्षभर काही मिनिटं मागे-पुढे होत राहते, त्याचा हा परिणाम. जबलपुरात सकाळ पुढे सरकायची थांबते ती जानेवारीच्या मध्याला, नेमकी संक्रांतीच्या आसपास. म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडून दिवस वाढतोय, असं अनुभवाला येतं ते संक्रांतीनंतरच. पहाटे उठून नर्मदेवर ग्वारीघाटाला स्नानाला जाणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको.

मार्चच्या मध्यावर हीच वाढ जबलपुरात रोज सुमारे दीड मिनिटावर जाते. लंडनला मात्र २१ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळातच दिवस २७ मिनिटांनी वाढतो. तिथे तीळ नाही, सगळा लाडूच!

सोयाबीनलाही दिवस मोजता येतो

आतापर्यंत माणसांचं झालं. पण दिवसाची लांबी पिकांनाही कळते, आणि त्यात शेतकऱ्याचा पैसा अडकलेला असतो.

१९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. फुलं कधी यायची हे झाड दिवसाच्या लांबीवरून ठरवतं, असं त्यांतून दिसलं. नंतर कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. सोयाबीनला फुलायला पुरेशी लांब रात्र लागते.

आता विचार करा. अमेरिकेच्या आयोवा राज्यात जूनचा दिवस पंधरा तासांहून मोठा. तिथल्या दिवसांची सवय असलेलं वाण आपल्याकडे आणून पेरलं, तर त्याला इथली रात्र पहिल्यापासूनच लांब वाटते. झाड वीतभर असतानाच फुलोरा येतो, शेंगा मोजक्या लागतात. उलट, दक्षिणेकडचं वाण फार उत्तरेला नेलं, तर ते नुसतं पाल्यावर वाढत राहतं आणि फुलं उशिरा येतात. म्हणून सोयाबीनचं वाण अक्षांश बघून निवडावं लागतं.

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं ‘जेएस ३३५’ हे १९९४ साली आलेलं वाण विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको. मध्य प्रदेशातलं हे वाण महाराष्ट्रात एवढं रुजलं, याची कारणं अनेक आहेत: लवकर तयार होणं, उत्पादन, बियाण्याची उपलब्धता. पण पायाला ही गोष्टही आहे की जबलपूर २३ अंशांवर, नागपूर २१वर आणि लातूर साडेअठरा अंशांच्या आसपास. जूनच्या दिवसात फरक जास्तीत जास्त वीस मिनिटांचा. झाडाला परक्या मुलखात आल्यासारखं वाटत नाही. कुणी दूरच्या प्रदेशातलं ‘भरघोस’ बियाणं दाखवलं, तर पाऊस आणि माती विचारण्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: हे कुठल्या अक्षांशासाठी तयार केलंय?

उतरंडीचं टोक

आता अगदी टोकाला जाऊ. उत्तर ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदा उगवतो आणि एकदा मावळतो. सहा महिने उजेड, सहा महिने सूर्य नाही. उगवण्याआधी क्षितिजाखाली तो इतका सावकाश वर सरकतो, की नुसती पहाटच कित्येक आठवडे चालते.

याच लांब पहाटेने लोकमान्य टिळकांचं लक्ष वेधलं होतं. ऋग्वेदात उषेची जी वर्णनं आहेत, त्यांतल्या काहींत पहाट अनेक दिवस चालल्यासारखी वाटते, असं त्यांना दिसलं. त्यावरून त्यांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि वेदकाळच्या लोकांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ असावं, असं मांडलं. आजचे बहुतेक अभ्यासक हा निष्कर्ष मानत नाहीत. पण विचाराची दिशा बघा: दिवस, रात्र आणि पहाट किती लांब आहे, यावरून माणूस कुठल्या अक्षांशावर होता हे ओळखता येईल. तत्त्व खरं आहे. वर काडीच्या सावलीवरून आपण अक्षांशाकडून दिवसाकडे गेलो, टिळक दिवसाकडून अक्षांशाकडे निघाले होते.

आज तिथे आपली माणसं खरोखरच जातात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला, भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ सालापासून आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे त्याचं काम आहे. तिथे साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. सूर्योदयावर तिथी धरणारं पंचांग तिथे भिंतीवर लावलं, तर चार महिने पान उलटायची सोय नाही!

पण वर्षाचा एकूण हिशेब केला, तर कुणावरच फारसा अन्याय नाही. हवेची आणि कडेची ती थोडी मिनिटं सोडली, तर हिमाद्री, लंडन, जबलपूर, तंजावर, सगळ्यांना वर्षाचा निम्मा वेळ उजेड आणि निम्मा वेळ अंधार मिळतो. तंजावरला तो रोज जवळजवळ समान हप्त्यांनी मिळतो, जबलपूरला थोडा कमी-जास्त, आणि ध्रुवावर एकरकमी.

मग आपण काय करायचं?

दोन कामं सांगतो.

पहिलं काम: घरातलं पंचांग किंवा कॅलेंडर उघडून बघा, वेळा कोणत्या गावाच्या आहेत. हे बहुधा कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मोबाइलवर बघत असाल तर गाव आपलं निवडलंय ना, तेही बघा. दुसऱ्या गावाच्या वेळा असतील, तर रेखांशाच्या फरकाला चारने गुणून ती मिनिटं आधी वजा करा किंवा मिळवा. गाव पूर्वेला असेल तर वजा, पश्चिमेला असेल तर मिळवा. एवढ्याने मार्च आणि सप्टेंबरमध्ये काम भागेल. जून-डिसेंबरसाठी अक्षांशाची दुरुस्तीही लागेल: दोन्ही गावांच्या दिवसाच्या लांबीतला फरक काढा, त्याचा निम्मा सकाळकडे आणि निम्मा संध्याकाळकडे. दिवस मोठा असेल तर सूर्योदय तेवढा आधी आणि सूर्यास्त तेवढा नंतर, लहान असेल तर उलट. उपास, रोजा, चौविहार, संध्याकाळची आरती, यांतलं जे काही सूर्य बघून करत असाल, ते आपल्या सूर्यावर करा.

दुसरं काम मुलांबरोबर करायचं. येत्या २१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरला बारा सेंटीमीटरची काडी सपाट जागी ओळंब्याने सरळ उभी करा. बारा वाजण्याच्या थोडं आधीपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. जबलपुरात ती मार्चमध्ये १२.१७च्या आणि सप्टेंबरमध्ये १२.०३च्या सुमारास पडेल, मुंबईत त्यानंतर २८ मिनिटांनी. ती सावली मोजा, १०, ८ आणि १० भागिले ३ने गुणा, बेरजेची दुप्पट करा, पळांची मिनिटं करा आणि बारा तासांत मिळवा. तुमच्या गावचा सर्वांत मोठा दिवस तुमच्या हातात आला. मग २१ जूनला ढग नसतील तर पडताळून बघा, आणि ढग असतील तर २१ डिसेंबरला तीच मिनिटं वजा करून बघा. सात-आठ मिनिटं जास्त निघाली, तर ती का, हे आता तुम्हीच मुलांना सांगू शकाल.

कोल्हापूर, बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद, जिथे कुठे असाल तिथली सावली मोजून गावाच्या नावासह लिहून ठेवा. दहा गावांची दहा मापं दक्षिणेकडून उत्तरेकडे एकाखाली एक मांडली, की मराठी माणूस किती अक्षांशांवर पसरलाय, ते सेंटीमीटरमध्ये दिसेल.

पुढच्या भागात चंद्राकडे वळू: संकष्टीला चंद्रोदयाची वेळ रोजच्या सूर्योदयासारखी हळूहळू न सरकता एवढी पुढे का उडी मारते, ते बघू. तोपर्यंत नमस्कार.